कानसाहेबांना दिलेले सात गुण

त्या सकाळी गॅसवर दूध होतं, बादलीत पडदे भिजत होते आणि इस्त्रीच्या टेबलावर ह्यांचा शर्ट अर्धा पसरलेला होता. एक बाही झालेली, एक राहिलेली. हे आंघोळीला गेले होते आणि आतून, नळाच्या आवाजावर आवाज चढवून, मला कुठल्याशा नव्या गाडीच्या डिकीबद्दल सांगत होते. मी हं हं म्हणत होते. डोळा दुधावर होता. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला.

थांबा. एकदम घरातच शिरले मी. आधी रीतीनं सुरुवात करते.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे शोरूमचे मालक. कंपनीच्या मुख्य कचेरीतून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे. आपल्या गाडीकट्ट्याचे सेक्रेटरी, सगळ्यांचे दातांचे डॉक्टर. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती कानसाहेब आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी. वर्कशॉपमधले सगळे मिस्त्री, गाड्या धुणारे, काउंटरवरच्या मुली. आणि समोर बसलेल्या गाडीवेड्या बंधू-भगिनींनो. भगिनी मला इथून चारच दिसतात, पण म्हणायची पद्धत आहे.

मी कागदावर लिहून आणलंय आणि वाचूनच बोलणार आहे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचं जे काही शिकले ते घरात येईल तो कागद वाचून. वाचनालयातली पुस्तकं वाचली, सामान बांधून आलेले कागद वाचले, आणि ह्यांनी आणलेली गाड्यांची माहितीपत्रकं वाचली. आमच्या गाडीचं मॅन्युअल मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय. ह्या सभागृहात असा दुसरा कुणी असेल तर त्यानं हात वर करावा. बघा. आणि गाड्यांवर मतं मात्र सगळ्यांना आहेत.

रागावू नका. त्या मतांवरच माझं घर इतकी वर्षं बोलतं होतं.

आमचे हे पाणीपुरवठ्याच्या खात्यात मीटर वाचायला जायचे. एकतीस वर्षं दारोदार हिंडून, झाकण उचलून, आत वाकून बघायचं आणि काटा जे दाखवील ते लिहायचं. लोक म्हणत, थोडं कमी लिहा हो. हे म्हणत, मी लिहीत नाही, मीटर लिहितं. म्हणून कट्ट्यावर त्यांचं नाव पडलं मीटर. पुढे वय झालं तसे मीटरसाहेब झाले.

कट्टा दर रविवारी सकाळी शोरूमच्या मागच्या मैदानात भरतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आठ-दहा पुरुष आठ-दहा गाड्यांची बॉनेटं उघडून उभे राहतात आणि इंजिनाकडे बघत एकमेकांशी भांडतात. मी डबा द्यायला जायची, त्यामुळे ऐकलंय. एक म्हणणार, पत्रा बघा पत्रा, ह्या कंपनीचा पत्रा बोटानं दबतो. दुसरा म्हणणार, पत्र्यानं काय होतंय, आतली चौकट बघा. तिसरा दार लावून दाखवणार. दार धप्प लागलं की गाडी चांगली, टण्ण वाजलं की वाईट. एकदा डॉक्टरांनी एकच दार अकरा वेळा लावलं होतं. शेवटी गाडीवाला म्हणाला, "डॉक्टर, दात नाहीये तो, उपटून हातात येईल."

ह्यांची मतं सगळ्यांत कडक. जुन्या गाडीचा नुसता बंपर आणि दिवे बदलून कंपनीनं तिला नवं मॉडेल म्हटलं, तेव्हा हे म्हणाले होते, "मी दाढी केली तर हिला नवा नवरा मिळतो का?" पडद्यावर बोट फिरवून एसी वाढवायची गाडी आली तेव्हा म्हणाले, "गार वाऱ्यासाठी तीन दारं उघडायची. तोवर समोरचा ब्रेक मारतो." आणि शोरूमबद्दल म्हणायचे, गाडी घेईपर्यंत चहा, बिस्कीट, खुर्ची. घेतल्यावर, बसा हं, सर येतायत. मालक, तुमच्यासमोर बोलतेय, पण हे तुमच्यासमोरही बोललेच होते.

हे सगळं ते वहीत लिहीत. दर गाडीला एक पान, दर शोरूमला एक पान, आणि शेवटी दहापैकी गुण. साडेसहाच्या वर कधी गेले नाहीत. ज्या एका गाडीला साडेसहा दिले, ती कंपनीनं दोन वर्षांत बंदच केली. मी एकदा विचारलं होतं, दहा कुणाला देणार? म्हणाले, "दहा म्हणजे ह्यापुढे काही करायचं शिल्लक नाही. असं कुठं असतं का?" मग म्हटलं, सात? तर बराच विचार केला आणि म्हणाले, "सात दिले तर समज, मला बोलायला जागा उरली नाही."

आता कानसाहेबांकडे येते.

गाण्यात खाँसाहेब असतात, गाड्यांत आपले कानसाहेब. हे नाव त्यांना कुणी दिलं ते माहीत नाही, पण का दिलं ते सगळ्यांना माहीत आहे. सर्व्हिसच्या काउंटरवर गेलं की दुसरीकडे माणूस कॉम्प्युटरकडे बघतो. आवाज येतो का? पुढून की मागून? बटण दाबलं, कागद निघाला, झालं. कानसाहेब मान वर करून विचारायचे, "कसा येतो?" आणि गिऱ्हाईक जो शब्द म्हणेल तो कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायचे. खुळखुळ. किरकिर. घुर्र. एक बाई म्हणाल्या होत्या, सासूबाई झोपेत बोलतात तसा. त्यांनी तेही लिहून घेतलं. आणि म्हणे त्या शब्दावरूनच बिघाड सापडला.

आमच्या गाडीला एक आवाज लागला होता. हे त्याला टिकटिक म्हणायचे. गतिरोधक आला की टिकटिक. दोन ठिकाणी दाखवलं. एका ठिकाणी पुढचे रबर बदलले, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, साहेब, आवाज तुमच्या कानात आहे. मग हे कानसाहेबांकडे गेले. कानसाहेबांनी बॉनेट उघडलंच नाही. एक प्रश्न विचारला, "वहिनी शेजारी बसलेल्या असताना येतो का?"

हे घरी आले आणि मला म्हणाले, "अगं, तू असताना येत नाही तो आवाज. इतक्या दिवसांत माझ्या लक्षातच आलं नाही."

माझ्या सीटचा पट्टा होता तो. मी बसले की पट्टा माझ्या अंगावर. मी नसले की त्याचं बक्कल बाजूच्या प्लास्टिकवर हापटायचं. कानसाहेबांनी तिथे बोटभर जाड कापड चिकटवलं आणि हात पुसले. सगळं काम चहा निवायच्या आत झालं.

त्यानंतर चार दिवसांनी ती सकाळ आली. फोन वाजला. हे आतून ओरडले, "घे गं." मी घेतला. कंपनीतून एक मुलगी बोलत होती. गोड आवाज होता. म्हणाली, आपल्या गाडीच्या सर्व्हिसबद्दल अभिप्राय हवाय, काउंटरवरच्या माणसाला दहापैकी किती गुण द्याल? मी दाराशी जाऊन ओरडले, "अहो, कानसाहेबांना किती?" नळ बंद झाला. मग हे म्हणाले, "सात. सात सांग."

मला काय वाटलं म्हणून सांगू! दहा वर्षांत पहिला सात. मी फोनवर म्हटलं, "सात." मुलगी म्हणाली, "मॅडम, नक्की सात? दहा लिहू का?" मी म्हटलं, "अजिबात नाही. सात म्हणजे सात. आमच्याकडे सात कुणाला मिळत नाहीत." ती म्हणाली, "बरं." आणि दूध उतू गेलं.

पुढच्या महिन्यात कानसाहेब काउंटरवर नव्हते. त्यांना खाली तळघरात टाकलं होतं, सुट्या भागांच्या गोदामात.

मालक, आपण मघाशी आपल्या भाषणात म्हणालात की कानसाहेबांनी शेवटची तीन वर्षं स्वतःच्या इच्छेनं गोदामाची जबाबदारी घेतली. आपल्याला तसं सांगण्यात आलं असेल. तेव्हाचे मॅनेजर आता इथे नाहीत. पण ते तसं नव्हतं.

कट्ट्यावर त्या रविवारी काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. निम्मे म्हणाले, शोरूम नालायक आहे, चांगल्या माणसाची ह्यांना किंमत नाही. डॉक्टरांनी शोरूमविरुद्ध लांबलचक मजकूर लिहून सगळ्यांना पाठवला. मी तोही वाचला होता. शुद्धलेखन चांगलं होतं. आणि निम्मे म्हणाले, उगाच कुणी तळघरात टाकत नाही. काहीतरी खाल्लं असणार. नवा भाग बिलात लावायचा आणि गाडीत जुनाच ठेवायचा, असं काहीतरी. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण चार रविवार गेले आणि "असणार" गळून पडलं. "खाल्लं" तेवढं उरलं.

मी डबा घेऊन उभी होते. ह्यांच्याकडे बघत होते. ज्यांना डिकीच्या बिजागरीवरसुद्धा मत असायचं, ते कपातल्या चहाकडे बघत होते. कुणीतरी विचारलं, "मीटरसाहेब, तुमचं काय म्हणणं?" हे म्हणाले, "असेल." एवढंच. मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

त्यानंतर वर्षभरानं हे गेले. एका कामाच्या दिवशी सकाळी, बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि वर आले नाहीत. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. तुमच्यापैकी बहुतेक जण आला होतात. आपल्या गाड्यांच्या रांगेनं आमची गल्ली भरून गेली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, मंत्री वारला की काय. ह्यांना आवडलं असतं. रांगेतल्या प्रत्येक गाडीत त्यांनी काहीतरी खोड काढली असती.

मग मी त्यांच्या वह्या काढल्या. अकरा वह्या. मी ठरवलं, रोज सकाळी घरातलं आवरलं की एक पान वाचायचं. एकच. जास्त वाचलं तर संपतील. लोक विचारत, कशी आहेस, वेळ कसा जातो? मी म्हणायची, बरी आहे. खरंच बरी होते. रोज एक गाडी कळत होती. आज डिझेल, उद्या पेट्रोल. आज हे खूश, उद्या चिडलेले. कुठल्या पानावर चहाचा डाग, कुठे माझ्या हातची यादी, साबण, काड्यापेटी, सुई.

सहा आठवड्यांपूर्वी दहाव्या वहीत एक पान आलं. त्यावर गाडीचं नाव नव्हतं. वर आपल्या शोरूमचं नाव होतं. मी ते पान जसंच्या तसं वाचते.

"मॅनेजरशी भांडायला गेलो. म्हटलं, कानसाहेबांना खाली का टाकलं? त्यानं कागद पुढे केला. आमचाच नंबर, पुढे सात. म्हणाला, कंपनीच्या मापात नऊ-दहा म्हणजे पास. त्याखाली सगळं नापास. ह्या महिन्यात शाखेचा नंबर एका अभिप्रायानं गेला. वरून नाव मागितलं. म्हटलं, अहो, सात म्हणजे माझ्याकडचे सर्वांत जास्त. म्हणाला, तुमच्याकडचे. म्हटलं, बदला. म्हणाला, एकदा गेलं की बदलत नाही. तळघरात गेलो. पाठमोरे होते. हाक मारली नाही."

मग खाली, दुसऱ्या शाईनं, "पुन्हा गेलो. हाक मारली नाही." मग आणखी खाली, "आजही." आणि एक ओळ, "कट्ट्यावर सांगितलं नाही. लोक त्यांच्याबद्दल नको ते बोलत होते आणि मी बसून होतो. हिलाही सांगितलं नाही. फोनवर हीच बोलली होती."

शेवटी नेहमीसारखे गुण होते. शोरूम, पाच. मॅनेजर, सहा, कागद दाखवला. मी, आणि एक आडवी रेघ. रेघेपुढे आकडा नाही.

ज्या माणसानं मुक्या मीटरचं सुद्धा खरं तेच लिहिलं, त्याला स्वतःपुढे आकडा लिहिता आला नाही. मी बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले. त्या दिवशी घरातलं काही आवरलं नाही.

दुपारी मी तळघरात गेले. तुमच्यापैकी बरेच जण तिथे कधी गेला नसाल. खिडकी नाही. दोन्हीकडे लोखंडी मांडण्या, त्यांवर खोके, आणि मधून एक माणूस जाईल एवढी वाट. कानसाहेब एका खोक्यावर चिठ्ठी चिकटवत होते.

"या वहिनी," ते मागे न बघता म्हणाले. "बसा त्या बंपरच्या खोक्यावर. मोडत नाही. मोडला तरी बंद झालेल्या मॉडेलचा आहे."

मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय?"

"सात. आमच्या घरून गेले ते."

त्यांनी चिठ्ठी नीट दाबली, चारी कोपरे. मग वळले. "कागदावर गिऱ्हाइकाचा नंबर असतो वहिनी. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत? लोक तुम्हाला काय काय म्हणत होते."

"काय बोलू? मीटरसाहेबांनी मला सात दिले. त्यांची वही मीही ऐकलीय, कट्ट्यावर उभा राहून. आणि खरं सांगू? त्यांच्याकडून दहा आले असते ना, तर मी म्हटलं असतं, ह्यात काहीतरी चुकलंय. आणि गाडी परत बोलावून उघडून पाहिली असती."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. मी म्हटलं, "ते आले होते इथे. तीनदा. वहीत आहे. तुम्ही पाठमोरे होतात म्हणून..."

"पाठमोरा होतो वहिनी, बहिरा नव्हतो," कानसाहेब म्हणाले. "जिन्यावर पाऊल वाजलं तेव्हाच ओळखलं. डाव्या बुटाची टाच झिजलेली होती त्यांची. टप्प-चर्र, टप्प-चर्र. त्या मांडणीपाशी येऊन थांबायचे. श्वास ऐकू यायचा."

"मग वळला का नाहीत?"

वर वर्कशॉपमध्ये कुणीतरी टायर लोळवत नेत होतं, तो आवाज डोक्यावरून गेला. मग ते म्हणाले, "वळलो असतो तर त्यांना बोलावं लागलं असतं. लाजले असते. म्हटलं, बोलायचं ठरवून येतील तेव्हा वळू. चौथ्यांदा येतील तेव्हा वळू."

कानसाहेब, मान हलवू नका. तुम्ही असंच म्हणालात.

दोन भली माणसं. एकानं हाक मारली नाही, दुसऱ्यानं मान वळवली नाही. दोघांनाही वाटत होतं की आपण समोरच्याला जपतोय. मध्ये एक मांडणी होती. मी त्या दिवशी चालून मोजून पाहिलं, चार पावलं आहेत.

मी त्यांना म्हटलं, हे मी कट्ट्यावर सांगणार. तर कानसाहेब कधी नव्हे ते आवाज चढवून म्हणाले, "मुळीच नाही. पुढच्या महिन्यात मी घरी बसणार आहे. आता कुणाला काय करायचंय? मीटरसाहेबांचं नाव आहे तिथे, सरळ माणूस म्हणून. ते तसंच राहू द्या. ते आता येऊन बोलू शकत नाहीत. मी आहे. माझं मी बघून घेईन."

मी विचारलं, "तीन वर्षांत किती बघून घेतलंत?"

ते म्हणाले, "लोक भेटले की पूर्वीसारखे थांबत नाहीत, एवढंच. गाडीचा आवाज विचारत नाहीत. बाकी काही नाही."

एवढंच, म्हणे. ज्या माणसाला आवाज विचारायला कुणी थांबत नाही, त्या कानसाहेबांचं बाकी काय राहिलं होतं? आणि त्यांच्या शेजारी आज ह्या वहिनी बसल्यात. तीन वर्षं बाजारात, दवाखान्यात, लग्नाकार्यात ह्यांना बायकांच्या नजरा झेलाव्या लागल्या असतील. त्या मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट मी एकटी पडले तेव्हा पहिल्या आठवड्यात रोज येऊन बसायच्या. माझ्या घरून काय गेलं होतं हे ह्यांना ठाऊक होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. आज विचारीन. वहिनी, तुम्ही आता डोळे पुसू नका, मला पुढचं वाचता येणार नाही.

म्हणून सगळ्यांसमोर, अध्यक्षांच्या परवानगीनं, स्पष्ट सांगते. कानसाहेबांनी कुणाचं काही खाल्लं नाही. कुठला भाग बदलला नाही, लपवला नाही, विकला नाही. त्यांना खाली पाठवलं ते आमच्या घरच्या एका आकड्यामुळे. आकडा ह्यांचा होता, जीभ माझी होती. तो निंदेचा आकडा नव्हता. आमच्या घरात त्याहून मोठी शाबासकी नव्हती. कट्ट्यावर ज्यांनी वेगळं काही म्हटलं असेल त्यांनी आज जेवणाआधी कानसाहेबांपाशी जाऊन उभं राहावं. क्षमा वगैरे मागू नका, त्यांना अवघड होईल. गाडीचा एखादा आवाज विचारा.

आणि माझ्या नवऱ्याबद्दल. आज त्यांच्या नावाला थोडा पोचा पडला असेल. पडू दे. तो ठोकून वर काढायचा नाही आणि वरून रंग लावायचा नाही. ते भित्रे नव्हते, पण त्या एका बाबतीत भ्यायले. सरळ माणूस एकदा वाकडा गेला की त्याला कुणाला सांगायचं हेच कळत नाही, सवय नसते. पण त्यांनी लिहिलं. घरात येणारा प्रत्येक कागद मी वाचते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पान फाडून टाकता आलं असतं. ठेवलं. मला वाटतं, ते माझ्यासाठीच ठेवलं. त्यांना जे बोलता आलं नाही ते कुणीतरी बोलावं म्हणून.

कंपनीच्या पाहुण्यांना एक विचारते. तुम्ही लांबून आलात, तुमचा मान मोठा आहे. पण तुमच्या मापात नऊच्या खाली सगळंच नापास असेल, तर बाकीचे आकडे ठेवलेत कशाला? एखादा माणूस आयुष्यभर विचार करून, तोलून मापून तुम्हाला एक आकडा देतो, तर तो का दिला, हे त्याला एकदा विचारावं असं तुमच्या कचेरीत कुणालाच वाटलं नाही? त्या मुलीनं मला "नक्की सात?" असं विचारलं होतं. "का सात?" असं विचारलं असतं, तर मी तिला पट्ट्याच्या बक्कलाची गोष्ट सांगितली असती. मला वेळ होता. दूध तसंही उतू जाणारच होतं.

बोलणं लांबलं. संयोजकांनी दहा मिनिटं दिली होती आणि डॉक्टर मघापासून घड्याळाकडे बघतायत. डॉक्टर, तुमच्या खुर्चीत आम्हीही तोंड उघडून बसतोच की तासभर.

मला इथे उभं केलंत, ऐकून घेतलंत, मध्ये कुणी उठून गेलं नाही, ह्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि कट्ट्याचे मनापासून आभार. वर्कशॉपमधल्या मिस्त्रींचे आभार, तुम्ही हात धुऊन, कामाचे कपडे बदलून कानसाहेबांसाठी आलात. कानसाहेबांना आणि वहिनींना पुढच्या दिवसांसाठी शुभेच्छा. दोघांची तब्येत चांगली राहो, घरात माणसांची ये-जा राहो. मी शिकलेली नाही. बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल, शब्द पुढेमागे झाला असेल, जे झाकायचं ते उघडं पडलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या.

एक राहिलं. त्या दुपारी तळघरातून निघताना कानसाहेबांनी मला जिन्यापर्यंत सोडलं आणि पुन्हा बजावलं, "वहिनी, नाही म्हणजे नाही." मी बरं म्हटलं आणि घरी आले. ह्या समारंभात बोलण्यासाठी डॉक्टरांनी मला आधी दोनदा विचारलं होतं आणि मी दोन्ही वेळा, मला जमत नाही, असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं आवरलं, डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, पत्रिकेत माझं नाव घाला.